माँपेलिएमध्ये माफक किमतीत अस्सल चित्र कसे विकत घ्यावे?

प्रश्न – कोरी_भिंत

नमस्कार. दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे मी दीड वर्षापासून संशोधनाच्या कामानिमित्त राहत आहे आणि आणखी किमान तीन वर्षे येथेच राहीन. एक्युसों म्हणजे येथील जुन्या गावठाणात, चौथ्या मजल्यावर, एक लहान घर भाड्याने घेतले आहे. त्यातील बैठकीच्या खोलीची लांब भिंत अजूनही कोरी आहे. तिथे छापील पोस्टर लावायचे नाही, हे मी घरात आले त्याच दिवशी ठरवले होते. कोणीतरी स्वतःच्या हाताने, विचारपूर्वक केलेले काम रोज डोळ्यांसमोर असावे अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी की चौकटीसह २०० युरोंपेक्षा जास्त खर्च मला परवडणार नाही. दोन-तीन कलादालनांत जाऊन आले. तेथील लोकांनी आपुलकीने चित्रे दाखवली, पण किमती ऐकून मी आभार मानून बाहेर पडले. गेल्या उन्हाळ्यात एका चौकात मांडलेल्या चित्रांपैकी समुद्राचे एक चित्र, कॅनव्हासवर हाताने रंगवलेले आहे असे सांगितल्यामुळे, ७० युरोंना घेतले. घरी आणून उजेडात नीट पाहिल्यावर लक्षात आले की मूळ चित्र यंत्राने छापलेले असून त्यावर केवळ पारदर्शक लेपाचे फटकारे मारलेले आहेत. त्या फसवणुकीपेक्षाही आपल्याला फरक ओळखता आला नाही याचे वाईट अधिक वाटले.

म्हणून विचारते आहे. या शहरात एवढे विद्यार्थी आहेत, कलाशाळा आहे. तेव्हा त्यांच्याकडून थेट चित्र घेता येते का? ते कसे विचारावे? घासाघीस करावी का? आणि चित्र अस्सल आहे हे माझ्यासारख्या अनभिज्ञ माणसाने कसे ओळखावे?

प्रतिसाद १ – किनारा

मी माँपेलिएत आठ वर्षे राहिलो. त्या काळात घेतलेली पाच कामे आजही माझ्या घरात आहेत आणि त्यांतील एकही मी कलादालनातून घेतलेले नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे हे आधीच सांगतो.

मात्र पहिले दोन महिने काहीही विकत घेऊ नका. हे शहर चित्रे पाहायला शिकवणारे आहे आणि ही संधी आधी घ्यावी. चित्रकार फ्रांस्वा-झाव्हिये फाब्र यांनी १८२५ मध्ये आपला संग्रह शहराला दिला आणि १८२८ मध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. आज तिथे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकार कुर्बेची चित्रे आहेत, कारण आल्फ्रेद ब्रुयास नावाच्या माँपेलिएच्याच एका रसिकाने, पॅरिसमध्ये ज्यांची छीथू होत होती अशी चित्रे धीटपणे विकत घेतली आणि १८६८ मध्ये आपला संग्रह संग्रहालयाला देऊन टाकला. १८५३ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात कुर्बेच्या ज्या 'स्नान करणाऱ्या स्त्रियां'वर गदारोळ उठला होता, ते चित्र ब्रुयास यांनीच घेतले. ते पाहताना मला नेहमी वाटते की विकत घेणाऱ्याची नजर हीसुद्धा एक प्रकारची निर्मितीच असते. त्याच इमारतीत पिएर सुलाज यांची काळी चित्रे आहेत. त्यांच्यासमोर पंधरा मिनिटे उभे राहिले, की रंगाचा थर, ब्रशाची दिशा आणि पृष्ठभागावर पडणारा उजेड म्हणजे काय हे कळू लागते. यंत्राने छापलेल्या कॅनव्हासवर नेमके हेच नसते.

छायाचित्रांची आवड असेल तर पाव्हियों पॉप्युलेर हे नगरपालिकेचे दालन पाहा. तिथे प्रवेश विनामूल्य आहे. बुतोग्राफी हा तरुण छायाचित्रकारांचा महोत्सवही याच शहरातला.

आता थेट खरेदीबद्दल. येथील कलाशाळा, म्हणजे स्थानिक भाषेत 'बोझार', ही आता मो.को. या समकालीन कलेच्या संस्थेचा भाग आहे; जुन्या होटेल माँकालममधील प्रदर्शनस्थळ आणि पानासे हे तिचे इतर दोन भाग. क्लोद व्हियाला आणि व्हाँसाँ बिऊलेस हे चित्रकार याच शाळेत शिकले आणि जवळच्या सेत या बंदरगावात वाढलेले चित्रकार रोबेर काँबासही तिथलेच विद्यार्थी. तिसऱ्या आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांची पदविका परीक्षा होते आणि तेव्हा प्रत्येकाला आपले काम मांडावे लागते. शाळेचा खुला दिवस आणि वर्षअखेरची प्रदर्शने यांच्या तारखा शाळेच्या संकेतस्थळावर येतात. त्या टिपून ठेवा. तिथे भिंतीवर किमती लिहिलेल्या नसतात, कारण ती बाजारपेठ नव्हे. जे काम आवडेल त्याच्यासमोर थांबा, ते करणाऱ्याशी बोला, ते कसे केले हे विचारा, आणि शेवटी अगदी साधेपणाने म्हणा की मला तुमचे काम घरी लावायला आवडेल, माझ्याकडे इतके पैसे आहेत, त्यात बसेल असे काही आहे का. रक्कम लपवू नका. मोठे चित्र त्या पैशांत येणार नाही, पण त्या चित्रासाठी केलेले कच्चे आराखडे, लहान जलरंग किंवा रेखाटने बहुतेक वेळा खणात पडून असतात आणि विकण्याचा विचारही त्या मुलांनी केलेला नसतो. माझ्याकडील सर्वांत आवडते काम म्हणजे अशाच एका खणातून निघालेले कोळशाचे रेखाटन आहे.

हप्त्यांनी पैसे देऊ का, असे विचारायलाही संकोच करू नका. याच शहरात जन्मलेला चित्रकार फ्रेदेरिक बाझीय याने १८६७ मध्ये आपल्या मित्राचे, म्हणजे चित्रकार क्लोद मोनेचे, 'बागेतील स्त्रिया' हे चित्र २,५०० फ्रँकला घेतले आणि ते पैसे महिन्याला ५० फ्रँक या हिशेबाने फेडायचे ठरवले. मोने तेव्हा अतिशय हलाखीत होता आणि दरमहा येणाऱ्या त्या रकमेचे मोल त्याला होते. आज ते चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. बाझीयची स्वतःची चित्रे मात्र तुम्हाला फाब्र संग्रहालयातच पाहता येतील. ती चुकवू नका.

प्रतिसाद २ – तांब्याचा_पत्रा

मी मुद्राचित्रकार आहे, म्हणजे स्वतः तयार केलेल्या पत्र्यावरून किंवा ठशावरून कागदावर चित्रे छापतो, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असणार; तरीही ते पूर्ण विचारान्ती देत आहे. २०० युरोंत चौकटीसह अस्सल काम हवे असेल तर मुद्राचित्र घ्या.

'छापील नको' हे तुमचे म्हणणे मला समजते, पण त्या शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. तयार चित्राचा फोटो काढून यंत्राने काढलेली प्रत ही प्रतिकृती होय. एचिंग या मुद्राचित्राच्या प्रकारात प्रतिकृती करण्यासारखे मूळ चित्र वेगळे असतच नाही. कलाकार तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणवार्निशाचा थर देतो, सुईने त्यावर उलटे चित्र काढतो, पत्रा आम्लात बुडवतो, आणि जिथे सुई लागली तिथेच धातू खाल्ला जाऊन रेषा खोल होते. मग त्या रेषांत शाई भरायची, जाळीदार कापडाने व शेवटी तळहाताने पृष्ठभाग पुसायचा, ओला केलेला कागद त्यावर ठेवायचा आणि रुळांच्या दाबाखालून काढायचा. हे सगळे प्रत्येक प्रतीसाठी नव्याने करावे लागते. ज्याने पत्रा खोदला त्याचाच हात त्या कागदावर असतो. एकाच पत्र्यावरून असे वीस किंवा तीस कागद निघत असल्यामुळे एकाची किंमत आवाक्यात येते. युरोपीय संघाच्या करनियमांतही हाच विचार आहे: कलाकाराने पूर्णपणे हाताने तयार केलेल्या पत्र्यावरून किंवा ठशावरून मर्यादित संख्येत थेट काढलेली मुद्राचित्रे मूळ कलाकृती मानली जातात, आणि यांत्रिक किंवा प्रकाशयांत्रिक पद्धतीने काढलेल्या प्रती त्यातून वगळल्या जातात. छायाचित्रासाठी ही मर्यादा, सर्व आकार मिळून, ३० सही केलेल्या व क्रमांकित प्रतींची आहे, आणि शिल्पाच्या ओतीव प्रतींसाठी आठांची.

ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे एक साधे भिंग घ्या. ते काही युरोंना मिळते आणि दागिने पाहणाऱ्यांकडे असते तसे खिशात मावते. ऑफसेट छपाईत, म्हणजे पुस्तके-मासिके छापतात त्या यांत्रिक पद्धतीत, भिंगाखाली नियमित ठिपक्यांची फुलासारखी नक्षी दिसते. शाईच्या फवाऱ्याने काढलेल्या प्रतीत, मग तिला 'जिक्ले' असे भारदस्त नाव दिलेले असो, निळ्या, किरमिजी आणि पिवळ्या सूक्ष्म कणांचा धुरळा दिसतो. तुमच्या समुद्राच्या चित्रातही हेच दिसेल. लेपाचे फटकारे एका दिशेला आणि चित्रातील लाटा दुसऱ्या दिशेला जात असतील. अस्सल एचिंगमध्ये शाईची रेषा अखंड असते आणि कागदावर किंचित उठून आलेली असते, कागद तिरपा धरून उजेडात पाहिला की ती जाणवते; शिवाय पत्र्याच्या कडांचा दबलेला चौकोन चित्राभोवती दिसतो. लिनोकट किंवा वुडकटमध्ये, म्हणजे लिनोलियम किंवा लाकूड कोरून केलेल्या ठशाच्या चित्रात, असा चौकोन नसतो, पण रंगलेल्या भागाच्या कडेला शाई थोडी दाटलेली दिसते आणि कागदाच्या मागच्या बाजूला दाब जाणवतो. लिथोग्राफ, म्हणजे सपाट दगडावर काढून छापलेले चित्र, सर्वांत फसवा, कारण तिथे कागद दबत नाही. भिंगाखाली दगडाचा अनियमित कण दिसला पाहिजे, ठिपक्यांची शिस्तबद्ध रांग नव्हे.

खालच्या कडेला डावीकडे पेन्सिलीने १२/३० (तीसपैकी बारावी प्रत) असा क्रमांक, उजवीकडे सही, आणि शीर्षक असल्यास मध्ये, ही प्रथा आहे. बाराव्या प्रतीपेक्षा पहिली प्रत श्रेष्ठ असे काही नाही. त्याला अपवाद ड्रायपॉइंटचा: त्यात सुईने ओरखडल्यामुळे रेषेच्या कडेला धातूची जी बारीक कड उभी राहते, तिच्यामुळे रेषेला मखमलीसारखी मऊ सावली मिळते, आणि ती कड रुळाच्या दाबाखाली लवकर झिजते, म्हणून तिथे आधीच्या प्रती खरोखर अधिक भरदार असतात. फ्रान्समध्ये 'ई.ए.' अशी अक्षरे दिसली तर ती कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत असते. तिच्यात कमीपणा नाही. मोनोटाइप हा प्रकारही विचारा. त्यात पत्र्यावर शाईने चित्र काढून एकच प्रत घेतली जाते, म्हणजे ते चित्रकलेइतकेच एकमेव असते, आणि तरीही विद्यार्थ्यांकडे ते बऱ्याचदा कमी किमतीत मिळते, कारण ते झटपट होते असा त्यांचाच गैरसमज असतो.

कॅनव्हासबद्दल एक गोष्ट, ती तुम्हाला तिथे हमखास भेटेल. फ्रान्समध्ये कॅनव्हासचे आकार क्रमांकांनी सांगतात: १० क्रमांकाचा 'फिग्युर' (व्यक्तिचित्राचा आकार) म्हणजे ५५ × ४६ सेंटीमीटर. काही चित्रकार या क्रमांकाला एका ठरावीक दराने गुणून किंमत काढतात. म्हणून आवडता चित्रकार महाग वाटला तर त्याचे सर्वांत लहान क्रमांकाचे काम विचारावे. दर तोच, पण रक्कम कमी.

घासाघीस मात्र करू नका. विद्यार्थ्याने ८० युरो सांगितले आणि तुम्ही ५० वर आणले, तर तुमचे ३० युरो वाचतील. पण त्या वयात स्वतःच्या कामाची किंमत पहिल्यांदा उच्चारायला किती बळ लागते ते मी अनुभवले आहे, आणि पहिल्याच ग्राहकाने ती पाडली तर ती गोष्ट अनेक वर्षे मनात राहते.

प्रतिसाद ३ – पांथस्थ

वरील शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात दुकानदाराशी भाव करणे फ्रान्समध्ये सर्वमान्य आहे आणि तिथे विसाव्या शतकातील अनामिक जलरंग व एचिंग खरोखर स्वस्तात मिळतात. थेट कलाकाराशी व्यवहार असेल तर मीही भाव करत नाही, पण एकाच व्यक्तीची दोन कामे घेताना दोन्ही मिळून काय घ्याल असे विचारण्यात गैर काही नाही.

लिलावाचा मार्ग कोणी सुचवला नाही, म्हणून सांगतो. प्रांतातील लिलावगृहांत कमी नावाजलेल्या चित्रकारांची कामे फारच कमी बोलीत जातात. मात्र बोलीवर साधारणतः २० ते ३० टक्के शुल्क वेगळे द्यावे लागते. ते धरूनच आपली मर्यादा ठरवा आणि चित्र आदल्या दिवशीच्या दर्शनात प्रत्यक्ष हातात घेऊन पाहा.

प्रतिसाद ४ – दस्तऐवज

कागदपत्रांविषयी लिहितो, कारण कोरी_भिंत यांच्या बाबतीत जे घडले त्यावर फ्रान्समध्ये स्पष्ट नियम आहेत आणि ते अनेकांना ठाऊक नसतात.

कलाकृतींच्या व्यवहारांतील फसवणुकीसंबंधीचा ३ मार्च १९८१ चा शासकीय आदेश असे सांगतो की ग्राहकाने मागितल्यास व्यावसायिक विक्रेत्याने वस्तूचे स्वरूप, घडण, मूळ आणि काळ यांबद्दल जे काही सांगितले असेल ते पावतीवर लिहून दिले पाहिजे. प्रतिकृतीवर 'रेप्रोद्युक्सियों' हा शब्द दिसेल असा आणि पुसला न जाणारा असला पाहिजे. त्यामुळे पुढच्या वेळी चौकात कोणी हाताने रंगवलेले म्हणाले, तर शांतपणे एवढेच म्हणा की हे पावतीवर लिहून द्या. उत्तर तिथेच मिळेल.

लिलावाच्या यादीतील शब्दांचेही अर्थ याच आदेशाने ठरलेले आहेत. 'अमुकचे' म्हटले तर तो कर्ता आहे अशी हमी. 'अत्रिब्युए' म्हणजे काम त्या कलाकाराच्या काळातले असून कर्तृत्वाबद्दल सबळ अनुमान आहे, एवढेच. 'आतलिए द' म्हणजे त्याच्या कार्यशाळेत किंवा देखरेखीखाली झालेले. 'दाप्रे' (अमुकवरून), 'मानिएर द' (अमुकच्या पद्धतीने), 'गू द' (अमुकच्या धर्तीवर) हे शब्द आले तर कर्ता, काळ किंवा कलाघराणे यांपैकी कशाचीही हमी नाही असे समजावे. पांथस्थ यांनी सुचवलेल्या मार्गाने जायचे असेल तर हे पाच-सहा शब्द पाठ असावेत, कारण सार्वजनिक लिलावात माल परत करण्याची १४ दिवसांची सवलत मिळत नाही. व्यावसायिकाकडून ऑनलाइन घेतल्यास ती मिळते.

विद्यार्थ्याकडून किंवा तरुण कलाकाराकडून घेताना पावतीवर कर्त्याचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, मापे, प्रतीचा क्रमांक, किंमत आणि तारीख असावी. ज्याने व्यवसायाची नोंदणी केली आहे त्याच्या पावतीवर १४ आकडी सिरेत क्रमांक असेल. उलाढाल लहान असल्यामुळे मूल्यवर्धित कर लागू नाही अशी ओळ दिसली तर घाबरू नका, ती कायदेशीर सवलत आहे. ज्यांना कर लागू होतो त्यांच्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून फ्रान्समध्ये कलाकृतींवर ५.५ टक्के दर आहे आणि तो सांगितलेल्या किमतीत धरलेला असतो.

आणखी एक. चित्र तुमचे झाले तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क कलाकाराकडेच राहतो. घरी लावा, वारसांना द्या, विका. पण त्याची भेटकार्डे छापायची असतील तर लेखी परवानगी घ्यावी लागेल.

प्रतिसाद ५ – कोरी_भिंत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी दोन महिने थांबण्याचा सल्ला पाळला आणि भिंग घेऊन फाब्र संग्रहालयात दोनदा जाऊन आले. समुद्राच्या त्या चित्रावर भिंग धरले तेव्हा लाटांच्या जागी रंगीत धुरळाच दिसला.

गेल्या शनिवारी कलाशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका मुलीच्या सामायिक कार्यशाळेत गेले होते. भिंतीवरची मोठी कामे माझ्या आवाक्याबाहेरची होती. मी रक्कम सांगितली तेव्हा तिने एक सपाट खण उघडला आणि त्यातून भर दुपारी झडपा लावलेल्या खिडकीचे एचिंग निघाले, ७/२०, हाताच्या पंजाएवढा पत्रा आणि भोवती मोकळा कागद. झडपेच्या फटींतून येणारा उजेड म्हणजे तिने न खोदलेला कोरा कागदच आहे. मी ९० युरो दिले, भाव केला नाही. तिने पावतीवर सगळे लिहून दिले आणि पत्राही दाखवला.

आता चौकटीचा प्रश्न आहे. भिंतीवर सकाळी अकरापर्यंत थेट ऊन येते. काय करावे?

प्रतिसाद ६ – तांब्याचा_पत्रा

फारच आनंद झाला. उन्हाच्या भिंतीवर लावू नका. काळी शाई टिकेल, पण कागद पिवळा पडेल आणि ठिसूळ होईल. संग्रहालये कागदावरील कामांसाठी उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास, म्हणजे मंद, ठेवतात, यावरून कागद किती नाजूक असतो ते लक्षात येईल. थेट ऊन येत नाही अशी दुसरी भिंत असेल तर ती निवडा.

चौकट करणाऱ्याला आम्लरहित पुठ्ठ्याचा 'पास-पार्तू', म्हणजे चित्राभोवतीचा मध्ये खिडकी कापलेला पुठ्ठा, मागा, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. टेकली तर दमट दिवसांत कागद काचेला चिकटतो. कागद मागे पूर्ण चिकटवू देऊ नका, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या आणि गव्हाची खळ पुरेशी आहे. पत्र्याचा दबलेला चौकोन आणि पेन्सिलीची सही पास-पार्तूखाली झाकली जाणार नाही अशी खिडकी कापायला सांगा. मोजून केलेल्या चौकटीला उरलेले ११० युरो अपुरे पडतील असे वाटले, तर ३० × ४० किंवा ४० × ५० सेंटीमीटरची तयार चौकट घ्या आणि फक्त पास-पार्तू करून घ्या. काच अतिनील किरणे अडवणारी मिळाली तर उत्तम, पण पैसे कमी पडले तर काचेवर तडजोड करा, पुठ्ठ्यावर नको.